कोन्याचे सहाशे डॉलर बेळगावात कसे आणायचे: प्रकल्प नोंदी

९ जून २०२५, सोमवार

सकाळी मेल उघडला तर तुर्कस्तानातल्या कोन्या शहरातून एका फौंड्रीचा, म्हणजे धातू ओतून कास्टिंग करणाऱ्या कारखान्याचा मेल. आपलं रायझर-गेटिंगचं सॉफ्टवेअर त्यांनी पंधरा दिवस डेमोवर चालवलंय, एका पंप बॉडीचं रिजेक्शन कमी आलं म्हणतात, आता चार लायसन्स पाहिजेत, पेमेंटची लिंक पाठवा. एवढाच मेल, चार ओळींचा. मी तीनदा वाचला.

पुढे कधी ह्या नोंदी दुसऱ्या कुणी वाचल्या तर कळावं म्हणून लिहून ठेवतो. उद्यमबागेत नाहीतर मच्छेला कुठल्याही फौंड्रीत जावा, कास्टिंगमधे श्रिंकेज येतंय, म्हणजे धातू गोठताना आकसून आत पोकळी पडते, हे दुखणं सगळीकडे एकच. त्यावर उपाय रायझर, म्हणजे कास्टिंगला जोडलेला जादा रसाचा साठा. कास्टिंगचं घनफळ भागिले पृष्ठफळ म्हणजे मॉड्युलस, रायझरचा मॉड्युलस त्याच्या साधारण १.२ पट धरला की रायझर कास्टिंगच्या नंतर गोठतो आणि पोकळी कास्टिंगमधे न पडता रायझरमधे पडते. हे गणित बाबा पॅटर्न शॉपमधे आयुष्यभर अंदाजाने करत आले, मी ते सॉफ्टवेअरमधे बसवलं. बेळगावात काही फौंड्र्या वापरतात, कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत त्याहून जास्त.

इथलं पेमेंट कसं येतं तर यूपीआय किंवा एनईएफटी. शिरोलीचा माणूस फोनवर बोलत बोलतच पैसे टाकतो, वाटेवरचा कोगनोळीचा टोलनाका ओलांडायलासुद्धा त्याहून जास्त वेळ लागतो. त्यामुळे पेमेंट हा विषय मी आजपर्यंत कधी विषय म्हणून बघितलाच नव्हता. भाव मात्र ठरवून टाकला, परदेशात १५० डॉलर एका लायसन्सला वर्षाचे. चार म्हणजे ६०० डॉलर.

११ जून, बुधवार

दोन दिवस फक्त वाचालोय.

आपल्या वेबसाईटवर कार्डाचे पैसे घेणारा जो गेटवे लावलाय तो भारतातल्या कार्डांपुरता चालू आहे, परदेशी कार्ड पाहिजे तर वेगळा अर्ज, वेगळी तपासणी. म्हणून म्हटलं सगळे प्रोग्रॅमर ज्याचं नाव घेतात ते स्ट्राईप लावू. तर स्ट्राईप भारतात मे २०२४ पासून फक्त निमंत्रणावर आहे, म्हणजे आपण जाऊन खातं उघडू शकत नाही, विनंती टाकायची आणि वाट बघायची. विनंती टाकली.

असं का, ते शोधलं, कारण कारण कळल्याशिवाय मला पुढे सरकता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२३ ला एक परिपत्रक काढलं, त्यात देशाबाहेरच्या व्यवहारांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांना पेमेंट अ‍ॅग्रीगेटर क्रॉस बॉर्डर असा वेगळा प्रकार करून थेट आपल्या नियमाखाली आणलं. बँक सोडून बाकीच्यांना परवानगी पाहिजे, नेटवर्थ आधी १५ कोटी आणि ३१ मार्च २०२६ पर्यंत २५ कोटी, एका नगाची किंमत जास्तीत जास्त २५ लाख रुपये, आणि व्यापाऱ्याची पूर्ण कागदपत्र तपासणी. म्हणजे माझ्यासारख्या एका माणसाच्या धंद्याची तपासणी करायला कंपनीला जेवढा खर्च येणार तेवढं कमिशन माझ्याकडून वर्षात सुटणार नाही. हे समजल्यावर निदान मनातला गोंधळ गेला. नियम काही माझ्याविरुद्ध केलेला नाही, पण त्याच्या फटीत लहान माणूस अडकतो हे खरंच आहे.

१४ जून, शनिवार

पेपॅल. भारतात पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून देशातल्या देशात पैसे घ्यायचं बंद केलंय, परदेशातून घ्यायचं चालू आहे. पॅन लागतं, बँक खातं लागतं, परपज कोड म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा कोड निवडायला लागतो, आणि खात्यात पैसे साठवून ठेवता येत नाहीत, आपोआप बँकेत उतरतात. ते मला चालतंय, उलट बरंच आहे. हिशोब केला: १५० डॉलरवर ४.४ टक्के म्हणजे ६.६०, वर ३० सेंट, हातात १४३.१०. मग रुपयात बदलताना त्यांचा दर, तो बाजारभावापेक्षा खाली असतो, तिथे अजून जातात.

सगळं वाचून झालं, कोन्याला मेल लिहायला बसलो, आणि तेव्हा लक्षात आलं की पलीकडची बाजू तर बघितलीच नाही. तुर्कस्तानात पेपॅल जून २०१६ पासून बंद आहे, तिथल्या सरकारी यंत्रणेने लायसन्स दिलं नाही म्हणून. नऊ वर्षं झाली. म्हणजे एक सेवा माझ्या देशात नीट मिळत नाही आणि दुसरी त्याच्या देशात. त्याने कास्टिंग ओतायचं, मी रायझर काढून द्यायचा, दोघांनाही काम करायचंय, आणि मधे ६०० डॉलर जायला वाट नाही. वाईट वाटलं.

१८ जून, बुधवार

पाऊस धरलाय, दिवसभर लाईट येऊन जाऊन.

रात्री अमेरिकेतल्या मावसभावाचा फोन आला, आईने त्याला सगळं सांगितलेलं. म्हणाला, "अरे कशाला येवढा त्रास करून घ्यालास, माझ्या नावावर स्ट्राईप काढतो की, तुझ्या वेबसाईटला जोड, महिन्याला तुला पाठवतो." मनापासून म्हणाला, लहानपणी खानापूरला आजोळी एका ताटात जेवलेलो आम्ही, पैशाबद्दल माझ्या मनात काडीची शंका नाही.

मी त्याला म्हटलं "दादा, दोन दिवस दे." मोह झालाय हे इथं लिहून ठेवतो. अर्ध्या तासाचं काम आहे. कोन्याला उद्या सकाळी लिंक जाईल.

२१ जून, शनिवार

टिळकवाडीत सीए साहेबांकडे तासभर बसलो. आजची नोंद मोठी होणार, कारण सगळ्यात उपयोगाचं आजच कळलं.

मी दादाचा उपाय सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "विकणारा कोण?" मी म्हटलं मी. "मग पैसे त्याला का?" ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग त्यांनी एकेक उलगडून सांगितलं. आयजीएसटी कायद्यात कलम २(६) मधे सेवेची निर्यात कशाला म्हणायचं ते लिहिलंय: पुरवणारा भारतात, घेणारा भारताबाहेर, पुरवठ्याची जागा भारताबाहेर, पैसे परिवर्तनीय परकीय चलनात आलेले (किंवा रिझर्व्ह बँक जिथे परवानगी देते तिथे रुपयात), आणि दोन्ही टोकाला एकाच माणसाची दुकानं नकोत. पाचही पाहिजेत. दादाने महिन्याच्या शेवटी त्याच्या इथल्या खात्यातून मला यूपीआय केलं तर माझ्या पासबुकात काय दिसणार, मावसभावाकडून आलेले रुपये. कोन्याचं नावसुद्धा नाही. मग ती निर्यात आहे हे मी सिद्ध कशाने करणार? निर्यात नाही म्हटलं की १८ टक्के जीएसटी, तोही माझ्या खिशातून, कारण गिऱ्हाइकाकडून तर घेतलाच नाही. जीएसटी नंबर मी आधीच घेतलाय, फौंड्रीवाल्यांना इनपुट क्रेडिट लागतं म्हणून, तेव्हा उलाढाल २० लाखाच्या खाली आहे असं म्हणून सुटता येत नाही.

आणि दादाच्या बाजूनेही वाईटच. खातं ज्याच्या नावावर त्याच्याच नावाने तिथल्या आयकर खात्याला १०९९-के हा मिळालेल्या पैशांचा फॉर्म जातो, म्हणजे माझी विक्री त्याची कमाई होऊन बसणार. शिवाय स्ट्राईपला खोटं सांगितल्यासारखं, खातं एकाचं आणि धंदा दुसऱ्याचा, कळलं की पैसे अडकतात आणि ते अडकलेले पैसे माझ्या गिऱ्हाइकाचे.

अमेरिकेत स्वतःची एलएलसी म्हणजे तिथली छोटी कंपनी काढायचं पण विचारलं, इंटरनेटवर सगळे तेच सांगतात. ती काढून देणाऱ्या स्ट्राईप अ‍ॅटलसचे ५०० डॉलर, हे सगळ्यांना माहीत असतं. पुढचं कुणी सांगत नाही: परदेशी माणसाच्या एकट्याच्या मालकीच्या एलएलसीला दरवर्षी फॉर्म ५४७२ भरायला लागतो, चुकला तर दंड २५,००० डॉलरपासून सुरू. आणि आपल्याकडून बघितलं तर ती परदेशातली गुंतवणूक, २०२२ चे ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंटचे नियम लागतात, बँकेतून रीतसर पैसे न्यायचे, दरवर्षी रिपोर्ट द्यायचा. वर्षाला दहा-वीस लायसन्स विकणाऱ्याला हे झेपणारं नाही.

मग वाट कुठली? त्यांनी कागदावर दोनच लिहून दिल्या. मोठी रक्कम असेल आणि गिऱ्हाईक कंपनी असेल तर सरळ बँकेतून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या परदेशी पैसे पाठवायच्या यंत्रणेने मागवा. सुटी विक्री असेल तर मर्चंट ऑफ रेकॉर्ड, म्हणजे आपला माल स्वतःच्या नावावर विकून देणारी कंपनी बघा. दोन्हीत पैसे परकीय चलनात, माझ्या नावावर, आणि फिरा मिळतो, म्हणजे परदेशातून पैसे आल्याची बँकेची पावती. "फिरा आहे तर मी आहे" म्हणाले.

एलयूटी म्हणजे जीएसटीचं हमीपत्र, फॉर्म आरएफडी-११, तिथल्या तिथे ऑनलाईन भरून टाकली. ती भरली की निर्यातीच्या बिलावर आयजीएसटी न लावता बिल देता येतं, आर्थिक वर्षापुरती असते, दर मार्चला नवीन. आयईसी म्हणजे आयात-निर्यातीचा कोड सेवेच्या निर्यातीला बहुतेक वेळा लागत नाही पण काही पेमेंट कंपन्या मागतात, ५०० रुपये फी, म्हणून तोही काढायचं ठरवलं.

घरी येऊन दादाला फोन केला. काय सांगू असं झालं होतं, पण पहिल्या दोन वाक्यात त्याला कळलं. म्हणाला "बरं झालं विचारलास, माझ्या डोक्यातच नाही आलं."

४ जुलै, शुक्रवार

मधले दहा-बारा दिवस कागदात गेले.

एका पेमेंट कंपनीत खात्याचा अर्ज टाकला होता, पेपॅलसारखाच दुसरा पर्याय हाताशी असावा म्हणून. तीनदा परत आला, कारण प्रत्येक वेळी तेच, पत्ता जुळत नाही. जीएसटीच्या सर्टिफिकेटवर बेळगावी, बँकेच्या जुन्या पासबुकावर बेलगाम, पिन दोन्हीकडे ५९०००८ तोच, रस्ता तोच, घर तेच. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारने बारा गावांची नावं बदलली, हुबळीचं हुब्बळ्ळी, विजापूरचं विजयपुरा, आमचं बेळगावी. ज्याने ज्या साली कागद काढला त्या सालचं नाव त्याच्यावर. आणि लाईट बिल पाठवलं तर ते कन्नडमधे, तपासणारा माणूस बहुतेक कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातला, त्याला वाचता येत नाही म्हणून तेही परत.

आम्ही घरी दारी बेळगावच म्हणतो. तीन नावं एका गावाला, आणि मशीनला वाटतं तीन गावं. ह्या भागात राहणाऱ्या प्रत्येकाला हे भोगायला लागतं, रेशनपासून पासपोर्टपर्यंत, आणि दर वेळी आपणच सिद्ध करायचं की आपण आहोत तिथेच आहोत. मला ह्याचा मनापासून राग येतो आणि तो इथं लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सुटलं कशाने ते महत्त्वाचं, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल. एक, बँकेत जाऊन खात्यावरचा पत्ता नवीन स्पेलिंगने करून घेतला आणि शिक्क्याचं इंग्रजी पत्र घेतलं. दोन, आधारचा पत्ताही अक्षरशः तसाच करून घेतला, जीएसटीवर जसा आहे तसा, स्वल्पविरामासकट. नाव बदलल्याची अधिसूचना जोडून बघितली, ती कुणी उघडून वाचली असेल असं वाटत नाही. सगळे कागद एकसारखे करून टाकले तेव्हाच चौथ्यांदा पास झाला. आधीच हे केलं असतं तर दहा दिवस वाचले असते, म्हणून कुठलाही अर्ज टाकायच्या आधी सगळे कागद टेबलावर पसरून पत्ता अक्षर न अक्षर ताडून बघा.

कोन्याच्या साहेबांना मधे एक मेल टाकला, सगळं खरं खरं सांगितलं. त्यांचं उत्तर आलं, आम्हालाही बाहेरून काही घ्यायचं म्हटलं की हेच होतं, घाई नाही, डेमोची मुदत वाढवून द्या. वाढवली.

१२ जुलै, शनिवार

मर्चंट ऑफ रेकॉर्ड. नाव मोठं आहे, गोष्ट साधी. पॅडल, लेमन स्क्वीझी, गमरोड ह्या असल्या कंपन्या. गिऱ्हाइकाला कायद्याने विकणारे ते, आपण त्यांना विकणारे. मार्केट यार्डात शेतकरी अडत्याकडे माल टाकतो तसं, पण अडत्या नुसता मधला, हे तर माल स्वतःच्या नावावर घेऊन विकतात. कार्ड ते घेणार, ज्या त्या देशाचा टॅक्स ते भरणार, वाद झाला तर ते बघणार, आणि महिन्याला आपल्याला एकरकमी देणार.

टॅक्सचा भाग मी आधी हलका समजलो होतो. युरोपात साध्या ग्राहकाला सॉफ्टवेअर विकलं तर बाहेरच्या विक्रेत्याला पहिल्या युरोपासून व्हॅट लागतो, सूट नाही. पोर्तुगालचा दर २३ टक्के. गिऱ्हाईक कंपनी असेल आणि व्हॅट नंबर दिला तर रिव्हर्स चार्ज, म्हणजे तो त्याचा तिकडे भरतो. हे सगळं मी एकटा कुठल्या देशात नोंदणी करून सांभाळणार? त्यासाठी ५ टक्के आणि ५० सेंट हा भाव मला महाग वाटत नाही. १५० डॉलरवर ८ डॉलर जातात, १४२ येतात. पेपॅलपेक्षा डॉलरभर कमी, पण टॅक्सचं डोकं त्यांचं.

एक कंपनी निवडून अर्ज टाकला. त्यांनी वेबसाईट तपासली. रिफंडची पॉलिसी नव्हती, नियम-अटींचं पान नव्हतं, धंद्याचं नाव पानाच्या खाली नव्हतं, किमती फोनवर विचारा असं लिहिलेलं. आपल्याकडे फौंड्रीवाला फोनच करतो, त्यामुळे ते कधी खटकलं नाही. सगळी पानं लिहिली, १४ दिवसांत पैसे परत असं ठेवलं. सहा दिवसांनी मंजूर.

१९ जुलै, शनिवार

कोडचं काम. आजपर्यंत पैसे आले की मी हाताने लायसन्स की मेल करत होतो. आता पेमेंट झालं की त्यांच्या सर्व्हरवरून आपल्या सर्व्हरला वेबहुक म्हणजे आपोआप निरोप येणार आणि की आपोआप जाणार.

दोन गोष्टी लिहून ठेवतो. वेबहुकची सही तपासल्याशिवाय काही करायचं नाही, नाहीतर पत्ता माहीत असलेला कुणीही खोटा निरोप पाठवून फुकट की घेईल. आणि सही तपासताना आलेला मजकूर जसाच्या तसा घ्यायचा, मी आधी त्यातला जेसन फॉरमॅटचा डेटा उलगडून परत बांधत होतो, जागा इकडची तिकडे झाली की सही जुळत नाही, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. दुसरं, एकच निरोप दोनदा येऊ शकतो. लाईट गेली, राऊटर बंद, सर्व्हर मुंबईत आहे तरी मी इथून तपासत होतो, तेवढ्यात त्यांना उत्तर वेळेत गेलं नाही म्हणून त्यांनी परत पाठवला आणि टेस्ट गिऱ्हाइकाला दोन की गेल्या. आता प्रत्येक निरोपाचा आयडी डेटाबेसमधे युनिक म्हणून ठेवतो, आधी आलेला असेल तर नुसतं २०० म्हणजे "मिळालं" असं उत्तर द्यायचं आणि गप्प बसायचं.

२६ जुलै, शनिवार

कोन्याला लिंक पाठवली, आणि त्यांचे अकाउंटवाले म्हणतात की चार लायसन्सचं बिल थेट तुमच्या नावाचं पाहिजे, पैसे बँकेतून पाठवतो. म्हणजे त्यांच्यासाठी सीए साहेबांची पहिली वाट.

राकसकोपचा तलाव भरायला आलाय म्हणतात. पाणी तरी मिटलं ह्या वर्षीचं.

४ ऑगस्ट, सोमवार

बँकेत गेलो. आमची शाखा लहान, परदेशातून पैसे ही गोष्ट तिथे मुलांनी पाठवलेल्या पैशापुरती. काउंटरवरच्या बाईंनी आत पाठवलं, आतले साहेब हुबळीकडचे, "बर्री, कूडरी" म्हणून बसवलं, मी मोडक्या कन्नडमधे सुरुवात केली, त्यांनी मोडक्या मराठीत उत्तर दिलं, आणि दहा मिनिटांत दोघांचंही सगळं कळत गेलं. फार चांगला माणूस. दोन फोन करून सगळं काढून दिलं.

काय काय लागतं ते: आमच्या शाखेला स्वतःचा स्विफ्ट कोड नाही, बँकेच्या परकीय चलन शाखेचा द्यायचा आणि खाली आपला खाते नंबर. डॉलर आधी बँकेच्या परदेशातल्या नोस्ट्रो खात्यात पडतात, म्हणून त्या तिकडच्या बँकेचं नावसुद्धा पाठवणाऱ्याला द्यायला लागतं. परपज कोड: सॉफ्टवेअर सल्ला आणि अंमलबजावणी पी ०८०२, इथे बसून बाहेर दिलेलं सॉफ्टवेअर पी ०८०७. आम्ही ०८०७ घेतला, सीए साहेबांना विचारूनच. कोड चुकला तर पुढे फिरा चुकतो, तेव्हा हे फोनवर अंदाजाने सांगायचं काम नाही. सगळं एका पानावर टाईप करून कोन्याला पाठवलं, बिलासकट. बिलावर एलयूटीचा नंबर आणि ही निर्यात आयजीएसटी न भरता एलयूटीखाली आहे ही ओळ.

१३ ऑगस्ट, बुधवार

आले.

सकाळी बँकेतून फोन, "तुमचं काहीतरी डॉलरचं आलंय, पत्र द्या कशाचं ते." बिल घेऊन गेलो. पाठवलेले ६००, पोचलेले ५८२. मधल्या बँकेने १८ डॉलर कापले. खर्च अर्धा अर्धा म्हणजे शा असा पर्याय त्यांनी निवडला होता, सगळा खर्च पाठवणाऱ्याचा म्हणजे अवर असा निवडला असता तर पूर्ण आले असते. पुढच्या बिलावर तेच लिहायचं.

हिशोब तसाच ठेवतो:
५८२ डॉलर, दर ८६.९० म्हणजे ५०,५७५.८० रुपये.
चलन बदलण्यावरचा जीएसटी: एक लाखापर्यंत रकमेचा १ टक्का ही सेवेची किंमत धरतात, कमीत कमी २५० रुपये, त्याच्यावर १८ टक्के. इथे ९१.०४.
बँकेचा चार्ज २५० आणि त्याचा जीएसटी ४५, म्हणजे २९५.
खात्यात ५०,१८९.७६.

एका लायसन्सचे १५० डॉलर असे मागवले असते तर तेच १८ डॉलर त्यातून गेले असते, म्हणजे १२ टक्के. म्हणून लहान रकमेला स्विफ्ट नको, चार-पाचशे डॉलरच्या वर असेल तरच. आणि बिल ६०० चंच राहतं, ५८२ चं करायचं नाही, कापलेले १८ बँक खर्चात टाकायचे, हे सीए साहेबांनी दोनदा बजावलं.

बाबांना पासबुकाची नोंद दाखवली. त्यांनी चष्मा लावून कोन्याच्या कंपनीचं नाव वाचलं आणि विचारलं, ते कुठलं कास्टिंग करतात. पैशाबद्दल काही बोलले नाहीत.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पैसे आले पण की उघडेना! कोन्यात चारही मशीनवर "चुकीची की". रात्री साडेअकरापर्यंत त्यांच्या माणसाबरोबर व्हिडिओवर. कारण सापडलं ते असं: मी की तपासायच्या आधी सगळी अक्षरं कॅपिटल करतो, आणि तुर्की भाषेत लहान आय कॅपिटल केला की डोक्यावर टिंब असलेला वेगळाच आय होतो, त्यांच्याकडे टिंबाचा आणि बिनटिंबाचा असे दोन आय आहेत. त्यांचं विंडोज तुर्कीत, त्यामुळे कीमधला आय बदलत होता. भाषेवर अवलंबून नसलेलं कॅपिटल करणं वापरलं, नवीन बिल्ड पाठवला, उघडलं. त्यांनी ताबडतोब एका कास्टिंगचं ड्रॉइंग लोड करून दाखवलं. ६०० डॉलर घेऊन माणसाला ताटकळत ठेवणं मला सहन होत नाही, म्हणून रात्रीच केलं.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती बसलेत, घरात पाहुणे, काम बंदच होतं. तरी आज नोंद करायलाच पाहिजे कारण मर्चंट ऑफ रेकॉर्डमधून पहिली खरी विक्री झाली, पोर्तुगालची एक फौंड्री, एक लायसन्स. त्यांनी व्हॅट नंबर टाकला, व्हॅट लागला नाही, वेबहुक आला, की गेली, मी मोदक खात होतो. माझ्याकडून कुणालाही एक मेलसुद्धा करायला लागला नाही.

एक शंका होती, बिल कुणाच्या नावाने करायचं? मी पोर्तुगालच्या नावाने करायला निघालो होतो. चूक. माझं गिऱ्हाईक ती मर्चंट ऑफ रेकॉर्ड कंपनी, पोर्तुगालचं गिऱ्हाईक त्यांचं. माझं निर्यात बिल महिन्याला एकच, कंपनीच्या नावाने, त्यांच्या पेआउटच्या पत्रकाप्रमाणे. त्यांच्याशी झालेला करार प्रिंट काढून फाईलला लावायचा, कारण आपण मधले दलाल नसून माल विकणारे आहोत हे त्यातूनच दिसतं. दलाल धरलं तर जीएसटीत निर्यातीचं गणितच बदलू शकतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

पेआउट आलं, फिरा आला, दोन्ही फाईलला. स्ट्राईपच्या विनंतीचं अजून काही नाही, आता त्याची वाटही बघत नाही.

दुपारी शेजारच्या हायड्रॉलिकवाल्या काकांचा मुलगा आला होता, थ्रीडी ड्रॉइंगचं काम करतो, कॅनडाचं गिऱ्हाईक मिळालंय, तिकडच्या मित्राच्या खात्यावर पैसे घेणार होता. त्याला ह्या सगळ्या नोंदी वाचायला दिल्या, पत्त्याच्या पानावर थांबून म्हणाला, "माझ्या पॅनवर बेलगामच आहे की ओ." म्हटलं आधी तेच धर, बाकीचं नंतर.

रात्री दादाचा फोन. त्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने पेनसिल्व्हेनियातल्या एका फौंड्रीला त्याने डेमोची लिंक दिलीय, विकत घेतलंच तर ते वेबसाईटवर स्वतः घेतील, मला मधे घेऊ नको म्हणाला.

कोन्याचे साहेब विचारतात की स्क्रीन तुर्कीत होईल का, त्यांच्या मोल्डर लोकांना इंग्रजी जड जातं. शब्दांची यादी त्यांनीच पाठवलीय. रायझरला ते बेस्लेयिजी म्हणतात, म्हणजे खाऊ घालणारा. बाबांना सांगितलं, म्हणाले बरोबरच आहे, कास्टिंगला शेवटपर्यंत तोच पाजतो. १४२ शब्द आहेत, आज ६० झाले, तुर्की अक्षरांचा फॉन्ट प्रिंटमधे नीट येतो का ते उद्या बघायचंय.